सतरंजीवरचं बांधकाम

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला असतो. मुलाला घ्यायला आलेली आई चपला घालता घालता थांबते आणि विचारते, "ताई, याला काहीतरी जोडायचं, बांधायचं खेळणं घ्यायचंय. ज्यात तो जरा गुंतून राहील, असं सांगा ना." मग आवाज थोडा खाली येतो. "घरी दहा मिनिटंसुद्धा एका जागी बसत नाही हो." आजोबा आले असतील तर हेच वाक्य तक्रारीच्या सुरात येतं. बाबा असतील तर ते मोबाईलवर दोन-चार डब्यांचे फोटो पुढे करतात आणि यातलं कुठलं घेऊ, एवढंच विचारतात.

दहा मिनिटं न बसणारा तो मुलगा आमच्या सतरंजीवर पाऊण तास पोटावर पालथा पडून पूल बांधत होता, हे मी लगेच सांगत नाही. आईला उगाच वाईट वाटतं. शिवाय त्यात तिचा काही दोष नसतो आणि मुलाचाही नसतो. बरीचशी करामत त्या ठोकळ्यांची असते.

डब्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. डब्यावर रॉकेट असतं, अग्निशमन दलाची गाडी असते, राजवाडा असतो. चार वर्षांच्या मुलाला ते चित्र काही केल्या जमत नाही, मग रविवारी बाबा बसतात. बाबांना मजा येते, हे मान्य. तयार झालेलं रॉकेट टीव्हीशेजारी जातं आणि त्याला हात लावायचा नाही, असा नियम होतो. मुलाच्या हातात काय उरलं? रिकामा डबा. आणि खरं सांगते, मुलं त्या डब्याशीच जास्त वेळ खेळतात.

आमच्याकडे बांधकामाचा कोपरा म्हणजे एक सतरंजी, तिच्यावर प्लायवूडचा एक मोठा तुकडा आणि भिंतीला लागून बुटकं फळीचं कपाट. प्लायवूड मागाहून आलं. नुसत्या फरशीवर ठोकळे पडले की शेजारच्या खोलीत गोष्ट ऐकणारी मुलं दचकायची. नुसती सतरंजी टाकली तर मनोरे कलायचे. सतरंजी आवाज खाते आणि प्लाय मनोऱ्याला जमीन देतं, असा तोडगा मावशींनी काढला. त्या आमच्या मदतनीस, आणि मुलांच्या बाबतीत माझ्याहून जास्त जाणत्या.

नवीन मूल या कोपऱ्यात आलं की आधी काहीही बांधत नाही. ठोकळे उचलतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं. टोपलीत भरतं, ओततं, पुन्हा भरतं. हे आठवडाभर चालतं, कधी त्याहूनही जास्त. बघणाऱ्याला वाटतं, याला खेळता येत नाही. पण ते मूल त्या वेळी वजन शिकत असतं, कोणता एका हातात मावतो आणि कोणत्याला दोन हात लागतात, हे शिकत असतं. मग एकावर एक रचणं, एकापुढे एक लावणं. मग एके दिवशी पूल. न्यूयॉर्कच्या हॅरिएट जॉन्सन या शिक्षिकेने 1933 मध्ये मुलांच्या ठोकळ्यांच्या बांधकामावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात हाच क्रम दिला आहे: वाहून नेणं, रांगा आणि मनोरे, पूल, कुंपणं, नक्षी, मग बांधलेल्याला नाव देणं आणि शेवटी डोळ्यांनी पाहिलेलं खरं जग उभं करणं. पुण्याच्या एका हॉलमधल्या मुलांना हे पुस्तक कोणी वाचून दाखवलेलं नाही, तरी ती त्याच वाटेने जातात. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला गंमतच वाटली होती.

त्यातला पूल मला सगळ्यात आवडतो. साडेतीन वर्षांचा एक मुलगा, पावसाळ्यात आलेला, आई गेली की दाराशी उभा राहायचा. एका सकाळी त्याने दोन ठोकळे उभे केले, बरेच लांब लांब, आणि तिसरा आडवा घेऊन त्यांच्या मधोमध सोडला. तो खाली पडला. उचलून पुन्हा त्याच जागी सोडला, पुन्हा पडला. मग त्याने जोर लावून दाबून ठेवला, जणू ठोकळ्याला ते पटवून द्यायचं होतं. हात काढला, पडला. मग दुसरा ठोकळा आणला, त्याच लांबीचा. तोही पडला. मी दोन हातांवर बसले होते आणि माझी बोटं शिवशिवत होती. एक खांब जरासा आत सरकवला की झालं! पण मावशींनी डोळ्यांनीच दटावलं. थोड्या वेळाने आडवा ठोकळा एका खांबावर टेकून तिरका राहिला, घसरगुंडीसारखा. त्याने तो तसाच राहू दिला, वाकून खालून बघितलं, आणि मग दुसऱ्या खांबाला एका बोटाने ढकलत ढकलत त्या तिरक्या ठोकळ्याखाली आणलं. ठोकळा सपाट बसला. तो माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं होतं. त्याने बघितलं नाही. तो लगेच तसाच दुसरा पूल बांधायला लागला, मग तिसरा, आणि सतरंजीच्या टोकापर्यंत गेला. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, "मेट्रो." वनाज-गरवारे मार्गावर 2022 च्या मार्चमध्ये गाडी धावायला लागली तेव्हापासून आमच्याकडे पुलांना दुसरं नावच नाही.

हे कशामुळे घडलं? ठोकळा पडला म्हणून. त्याला कोणी चूक म्हणालं नाही, लाल दिवा लागला नाही, टाळ्यांचं रेकॉर्ड वाजलं नाही. पडणं हेच उत्तर होतं आणि ते लगेच मिळत होतं. बांधायच्या खेळण्यात मी पहिली गोष्ट बघते ती हीच, ते पडतं का?

दुसरी गोष्ट मापाची. आमचे ठोकळे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका सुतारकाकांनी करून दिलेत. आधी मी त्यांच्याकडे नुसते कटपीस मागायला गेले होते. चौकटी, दरवाजे करताना पडलेले तुकडे, फुकटात मिळाले तर बरं, असा विचार. तुकडे मिळाले, मुलं खेळलीही, पण चार दिवसांत कोपरा ओस पडला. कारण साधं होतं, एकाही तुकड्याची जोडी दुसऱ्याशी जुळत नव्हती. भिंत दोन थरांच्या वर जाईना.

मग मी माप घेऊन गेले. जाडी दीड इंच, रुंदी तीन, लांबी सहा. म्हणजे जाडीची दुप्पट रुंदी, रुंदीची दुप्पट लांबी. याचा अर्धा म्हणजे तीन इंची चौकोन. दुप्पट म्हणजे बारा इंची. चौपट म्हणजे चोवीस इंची. काही चौकोन कर्णात कापून त्रिकोण, थोडे गोल खांब. हे प्रमाण माझ्या डोक्यातलं नाही. न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट नावाची सुतारकाम शिकवणारी शिक्षिका होती, तिने 1914 मध्ये शाळा काढली आणि मुलांसाठी साधे, बिनरंगाचे, एक-दोन-चारच्या प्रमाणातले ठोकळे घडवले. तिच्याही आधी जर्मनीत फ्रोबेलने, ज्याने 1840 मध्ये बालशाळेला किंडरगार्टन हे नाव दिलं, मुलांसाठी खेळसाधनांच्या पेट्या केल्या होत्या. त्यातल्या चौथ्या पेटीत आठ विटा, प्रत्येक अर्धा इंच जाड, एक इंच रुंद, दोन इंच लांब. पुन्हा तेच प्रमाण. आणि आपला गवंडी वापरतो ती जुन्या मापाची नऊ इंची वीट साडेचार इंच रुंद असते ती काय उगाच? लांबी रुंदीच्या दुप्पट असली की आडवी-उभी कशीही लावा, भिंत बसते.

सुतारकाकांना हे सांगताच ते म्हणाले, "सोपं आहे. सहाचा घेतो, मधोमध कापतो, दोन अर्धे तयार." आणि मग स्वतःच थांबले. करवतीच्या पात्याची जाडी जाते ना! सहा इंचांचा तुकडा कापला की तीन-तीनचे दोन मिळत नाहीत, भुशात गेलेलं कुठून आणणार? दोन अर्धे एका पूर्णाशेजारी ठेवले की बारीकसा खड्डा पडतो आणि त्यावरचा थर डुगडुगतो. दाराच्या चौकटीत असा फरक पुट्टीने भरून निघतो. तीन वर्षांच्या मुलाकडे पुट्टी नसते. म्हणून प्रत्येक अर्धा वेगळा मापून कापायचा, असं ठरलं. त्यांनी कुरकुर केली, पण केलं नेटकं. पाईन नको, तो मऊ, कोपरे दबतात आणि कुसळं निघतात. एमडीएफला पाणी लागलं की फुगतं, आणि आमची मुलं ठोकळे चाटतात, धुतात, क्वचित त्यांच्यावर दूधही सांडतं. सागवान परवडेना. शेवटी रबरवुडवर आलो. कडा गोल मारून घेतल्या, पॉलिश पेपर दोनदा, रंग अजिबात नाही. ठोकळे आले की मी प्रत्येकावरून तळवा फिरवते. कारखान्यातल्या खेळण्यावर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआयची खूण सक्तीची आहे. आमच्या ठोकळ्यांवर तसली खूण नाही, म्हणून ते काम माझ्या तळव्याचं.

मापाचे ठोकळे आले आणि जे सुरू झालं त्याची मला कल्पना नव्हती. चोवीस इंची ठोकळे महाग पडतात म्हणून चारच घेतले होते. दोन मुली घर बांधत होत्या, मोठं, आत दोघींना बसता येईल असं. तीन भिंतींत चारही लांब ठोकळे गेले. चौथी बाजू उघडी. "संपले," एक म्हणाली. दुसरीने कपाट धुंडाळलं, माझ्याकडे आली. मी म्हटलं, खरंच संपलेत. ती परत गेली. भांडण होईल असं वाटलं होतं. तिने बारा इंची एक ठेवला, मग त्याच्यापुढे दुसरा, आणि समोरच्या भिंतीकडे जाऊन बघून आली. मग शेजारी बसून लांब ठोकळ्याला लावून दाखवलं, "बघ, हे दोन म्हणजे तो एक." पुढच्या थराला बारा इंचीही संपले, तेव्हा सहा इंची आले. अंक अजून दहापर्यंत नीट म्हणता न येणाऱ्या त्या मुलीने एका सकाळी चार सहांचा एक चोवीस करून दाखवला. मी पुढे कधी लांब ठोकळे वाढवले नाहीत. ते कमी पडतात म्हणूनच कामाचे आहेत.

तिच्याच पुढच्या तुकडीत एका गवंड्याची मुलगी होती. ती भिंत बांधताना प्रत्येक दुसऱ्या थराची सुरुवात अर्ध्या ठोकळ्याने करायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नसतो." बापाच्या साइटवर दुपारच्या दुपार काढलेली मुलगी. तिची भिंत छातीपर्यंत जायची आणि बाकीच्यांच्या भिंती गुडघ्याशी ढासळायच्या. आठवड्याभरात सगळेच अर्धे ठोकळे मागायला लागले. मी त्यात एक शब्द शिकवला नाही, शिकवायला मला तरी कुठे येत होतं?

बालशिक्षणात वावरलेल्या कुणाला इथे माँटेसरीचा गुलाबी मनोरा आठवेल. दहा घन, एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत, मोठ्यावर लहान रचत जायचे. आमच्याकडेही आहे. सुंदर साधन आहे, चुकलं तर मुलाला स्वतःलाच दिसतं. पण त्याचा शेवट ठरलेला आहे. दहावा घन चढला की काम संपलं, आणि दोन-तीनदा जमलं की मूल उठून जातं. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, ते साधन त्यासाठीच आहे. मला अधिक जवळची वाटते ती ताराबाई मोडकांची आणि अनुताई वाघांची रीत. माँटेसरीची तत्त्वं घेऊन ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या बालवाडीला महागडी साधनं कोण देणार? त्यांनी दगड, शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांतून साधनं उभी केली. त्याला गरिबीचा इलाज म्हणतात, मला ते पुरतं पटत नाही. बियांची रांग पाहिजे तिथे वळते. तिचा शेवट मुलाने ठरवायचा असतो.

प्लॅस्टिकच्या एकमेकांत अडकणाऱ्या विटांवर माझा राग आहे असं पालकांना वाटतं, तसं नाही. लेगोने लहान मुलांसाठी 1969 मध्ये ड्युप्लो आणली, ती हिशेबाने केलेली वस्तू आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, त्यामुळे मुलाच्या मुठीत मावते, गिळता येत नाही, आणि मोठेपणी घेतलेल्या छोट्या विटाही तिच्यावर बसतात. रेल्वेच्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, वन आरकेच्या घरात पलंगावर बसून खेळायला याहून सोयीचं काही नाही. पण ती पडत नाही. खांब लांब ठेवले काय, जवळ ठेवले काय, टिचकन बसलं की बसलं. आणि ज्या मुलांच्या बोटांत अजून जोर नसतो ती सारखी "ताई, काढून दे" म्हणत येतात. चारच्या पुढे हे कमी होतं. म्हणून घरात एकच घ्यायचं असेल तर आधी लाकडी ठोकळे, मग या विटा, असं मी सांगते.

चुंबकाच्या रंगीत फरशांबाबत मात्र मी सावध असते. मुलांना त्या फार आवडतात, उन्हात त्यांची रंगीत सावली पडते, मलाही आवडतात. पण स्वस्तातल्या फरशीची कड उकलली की आतला चुंबक बाहेर येतो. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटलं जातं आणि त्याला भोक पडू शकतं. मूल वरून ठीक दिसतं, उलटी, पोटदुखी म्हणून दिवस जातो. कड तडकली असेल तर फरशी सरळ कचऱ्यात. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी एक सोपी तपासणी आहे. प्रमाणकात त्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशातही जाऊ शकतो. घरी असं नळकांडं नसतं, पण वस्तू बघताना तो आकार डोळ्यांपुढे ठेवला तरी पुष्कळ.

खेळणं घेतल्यावर घरात काय होतं, हा भाग पालकांना आवडत नाही, तरी सांगते. आधी बाकीची खेळणी माळ्यावर टाका. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: लहानग्यांना एकदा सोळा आणि एकदा चार खेळणी देऊन बघितलं, चार असताना ती एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. बालवाडीतल्या कोणत्याही मावशी हे सांगतील. दुसरं म्हणजे, "हे काय केलंस?" असं विचारू नका. मूल बांधत असताना ते काय आहे हे त्याचं त्यालाच ठरलेलं नसतं. विचारलं की ते बिचारं काहीतरी नाव सांगतं आणि मग त्या नावात अडकतं. जवळ बसा, भाजी निवडा, वाटलं तर एक ठोकळा पुढे सरकवा. तिसरं, रात्री आवरून ठेवण्याची घाई नको. आमच्या हॉलमध्ये दुपारी भजनी मंडळ येतं, आम्हाला रोज मोडावं लागतं, आणि मोडताना जी रडारड होते ती मला ठाऊक आहे. मावशींनी त्यावर उपाय काढला. मोडण्याआधी बांधकामाच्या काठाने प्लायवर खडूने त्याचा पाया आखून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी येऊन मुलं त्या रेषेवर पुन्हा उभं करतात आणि हटकून थोडं वाढवतात. घरी तर खडूचीही गरज नाही, पलंगाखाली जागा असते.

आपल्याकडे हे सगळं दिवाळीत आपसूक होतंच. वाड्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला होतो. दगड, माती, पोतं, वरून अळीव पेरलेले, कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे. मोठी मुलं हुकूम सोडतात, धाकटी तांब्याने पाणी आणून देतात. दिवसभर कोणी जेवायला येत नाही, आणि त्या चार दिवसांत एकाही आईने मला विचारलेलं नाही की याला गुंतवायला काय घेऊ. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या सतरंजीवर बुरूज येतात, चोरदरवाजे येतात, त्रिकोणी ठोकळ्यांचे तट येतात. मावळे म्हणून भोवरे, डाळींचे दाणे, एकदा तर माझ्या चष्म्याचं घर.

दरवर्षी मे अखेरीस मी टिंबर मार्केटला जाते. वर्षभरात काही ठोकळे हरवतात, काहींचे कोपरे उडतात, त्यांची भर करून घ्यायची असते. यंदा सुतारकाकांनी विचारलं, "ताई, लांबचे वाढवू का? चारच आहेत तुमच्याकडे, पोरं भांडत असतील." मी म्हटलं, नको, चारच राहू देत, अर्धे जास्त द्या. त्यांना ते काही पटलं नाही. निघताना बाकाखाली एक गठ्ठा दिसला, आमच्याच मापाचा, दोरीने बांधलेला. नातवासाठी केलाय, म्हणाले. लांबचे मोजले तर वीस निघाले.